निळ्या दोऱ्याचे कपडे

तात्यांना जाग आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि सोफ्यावर तात्या ओले होते.

आधी त्यांना वाटलं, पाण्याचा पेला कलंडला. पण पेला तिपाईवर जागच्या जागी होता, काठोकाठ भरलेला. मग त्यांनी हात खाली नेला, लगेच मागे घेतला आणि उगाच पुन्हा एकदा पेल्याकडे बघितलं. पेला काही मदतीला आला नाही.

आता हे कुणाच्याही बाबतीत होतं. वय झालं, सकाळी अंगातलं पाणी काढणारी ती पांढरी गोळी घेतली, दुपारी डोळा लागला, झालं. पण तात्या म्हणजे कुणीही नव्हेत. चाळीस वर्षं एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, मागच्या खोलीतल्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी लोकांचे डाग काढले होते. शाई, तेल, गंज, लिपस्टिक, रक्त. पुढे गल्ल्यावर मालकीणबाई बसायच्या आणि अवघड कपडा आला की तिथूनच ओरडायच्या, ‘डागतात्यांकडे द्या हा!’ अशा माणसाने स्वतःच्या सुनेच्या सोफ्यावर डाग पाडायचा, आणि तोही हा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. इथे तर पाषाणही कोरडा राहिला नव्हता.

एरवी तात्यांनी एवढे हातपाय गाळले नसते. पण आज शुक्रवार होता.

झालं होतं असं, की मंगळवारी सकाळी तात्या दाढीसाठी गरम पाणी घ्यायला स्वयंपाकघराकडे निघाले आणि दाराशीच थबकले. आत मुलगा सांगत होता, “खोली चांगली आहे. उजेड आहे, माणसं स्वच्छ आहेत. आपण दोघं दिवसभर कामावर. त्यांच्याकडे कोण बघणार?”  सूनबाईच्या ताटल्या तेवढ्या वाजत होत्या. मग ती म्हणाली, “शुक्रवारपर्यंत थांब. चारच्या सुमारास त्या आश्रमातल्या बाईंचा फोन येणार आहे. मी लवकर येते त्या दिवशी. तेव्हा काय ते सांगून टाकते.” ‘त्यांच्याकडे’ म्हणजे कुणाकडे, हे कळायला काही पंडित लागत नाही. घरात माणसं तीन आणि त्यांतली दोन बोलत होती. तात्या तसेच मागे फिरले आणि गार पाण्याने दाढी केली. हनुवटीला कापलं.

तेव्हापासून तीन दिवस त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. आणि आज, नेमकं आज, सोफ्याने दगा दिला होता. सोफ्याचा काय दोष म्हणा. पण माणूस अडचणीत आला की लाकडालासुद्धा बोल लावतो.

चार वाजता सूनबाई येणार. दारातून आत पाऊल टाकलं की समोर सोफा. डाग बघून झाला की दहाव्या मिनिटाला फोन. ती त्या बाईंना काय सांगेल हे सांगायला नको.  त्यांच्या हाताशी पावणेतीन तास होते, आणि जगात एकच गोष्ट त्यांना इतरांपेक्षा बरी येत होती. ते उठले.

पायजमा बदलला, जुना न्हाणीघरात पिळून दोरीवर अगदी मागच्या बाजूला टाकला. मग पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढला. डब्यात दुकानातून निरोप घेताना आणलेली चार हत्यारं होती. त्यांतली हाडाची पट्टी तात्यांच्या अंगठ्याने एका बाजूने झिजून पातळ झाली होती. एक मऊ ब्रश होता, एक त्याहून मऊ, आणि पांढऱ्या सुती फडक्यांची घडी. पांढरीच. रंगीत फडकं हातात घेतलेल्या शिकाऊ उमेदवारांना तात्यांनी दुकानातून बाहेर उभं केलं होतं. डाग काढायला जायचं आणि फडक्याचा रंग देऊन यायचं, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

“घासायचं नाही,” तात्या स्वतःलाच दटावत म्हणाले. “दाबायचं. टिपायचं. कडेकडून मधे यायचं.”

त्यांनी फडक्याची घडी डागावर ठेवली आणि तळव्याने सगळा भार दिला. फडकं ओलं झालं, बदललं. दुसरं ओलं झालं, बदललं. पाचवं फडकं जवळजवळ कोरडं आलं. मग ते व्हिनेगर शोधायला स्वयंपाकघरात गेले आणि कपाट उघडून उभेच राहिले. खालच्या फळीवर व्हिनेगरच्या तीन मोठ्या बाटल्या होत्या आणि त्यांच्यामागे खाण्याच्या सोड्याची सहा पाकिटं.

“या घरात एवढं व्हिनेगर पितं कोण?” तात्या कपाटाला म्हणाले. पण विचार करायला वेळ कुठे होता! अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी गार पाणी. बोट बुडवून खात्री केली, गारच आहे. नाकाने खात्री करायची सोय नव्हती. चाळीस वर्षं त्या मागच्या खोलीत नाना तऱ्हेचे द्राव हुंगून तात्यांचं नाक निवृत्तीच्या आधीच निवृत्त झालं होतं. फुलं आणि फिनेल त्यांना सारखंच. बायको होती तोवर ती सांगायची, दूध लागलंय, गॅस बंद करा. आता कुणी सांगत नाही, आणि विचारायचं तात्यांच्या लक्षात येत नाही.

आधी सोफ्याच्या पाठीमागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी एक थेंब लावून बघितला. रंग सुटला नाही. मग डागावर हात चालू लागला. ओलं करायचं, पट्टीने हलके दाबायचं, टिपायचं.  घड्याळाकडे बघितलं. दोन वाजायला पाच कमी. डाग गेला होता. साफ गेला होता. मालकीणबाई असत्या तर चष्मा लावून शोधत बसल्या असत्या.

तात्या खिडकीपर्यंत गेले, परत आले, सोफ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

डाग गेला होता, पण त्या जागी एक लख्ख गोल उमटला होता. सोफा दोन वर्षांचा. आणला तेव्हा ओल्या वाळूच्या रंगाचा होता. पण रोज बसून, धूळ खाऊन सगळाच एक छटा उतरला होता, इतका हळूहळू की कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता मधे हा ताटाएवढा स्वच्छ गोल ओरडून सांगत होता, बघा, इथे काहीतरी झालं होतं!

आणि ही चूक पहिल्या महिन्यातला उमेदवार करतो. ‘नुसता डाग धुवायचा नसतो,’ तात्या त्यांना सांगायचे, ‘शिवणीपासून शिवणीपर्यंत धुवायचं. अख्खा भाग. नाहीतर घाणीचा डाग जातो आणि स्वच्छतेचा पडतो.’ पोरांकडून हे वाक्य त्यांनी शंभर वेळा म्हणवून घेतलं होतं. घाई झाली की माणूस आपलंच शहाणपण विसरतो, हे त्यांनी पोरांना सांगायचं राहून गेलं होतं.

“आता काय! शिवणीपासून शिवणीपर्यंत,” तात्या म्हणाले आणि गुडघ्यांवर बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली. ते कुरकुर करतच असतात.

गादीचा वरचा सगळा भाग त्यांनी फडक्याने सारखा ओला केला. खूप नाही, नाहीतर पाणी खालच्या फोमात उतरतं आणि वाळताना सगळी घाण वर घेऊन येतं. ब्रश एका दिशेने फिरवला. टिपलं. मधूनच उठून दार नीट लागलंय का बघितलं. जिन्यात पावलं वाजली तसा हात थांबला. पावलं वरच्या मजल्यावर गेली. पुन्हा खाली बसले. फोन कुणाचाही वाजो, शेजारच्या घरातला का असेना, तात्या दचकत होते. शेवटी त्यांनी सुनेचं केस वाळवायचं यंत्र आणलं, आणि त्यावरची लाल खूण बघून निळ्या खुणेकडे वळवलं. गरम वारा नको. अंगातून आलेल्या डागाला ऊब लागली की तो कपड्यात घर करतो, मग देव आला तरी निघत नाही. म्हणून तर दुकानात निळा दोरा होता.

निळ्या दोऱ्याची गोष्ट तात्या घरात आल्यागेल्याला सांगायचे. दुकानात कपडा घेताना मालकीणबाई विचारायच्या, कशाचा डाग? कारण ते कळल्याशिवाय तो काढायचा कसा? आणि लोक खोटं बोलायचे. चादर पुढे करायचे, पॅन्ट पुढे करायचे, नजर भलतीकडे लावायचे आणि म्हणायचे, चहा सांडला. मालकीणबाई मान वर न करता पावतीवर ‘चहा’ लिहायच्या, आणि कपड्याच्या काजात किंवा कडेला निळ्या दोऱ्याची एक गाठ मारायच्या. मागे तात्यांना कळायचं. हा चहा नाही. हा अंगाचा आहे. गार पाणीच लावायचं, वेगळा धुवायचा, आणि कुणाला काही विचारायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. ‘निळ्या दोऱ्याला प्रश्न नाही,’ हा दुकानाचा कायदा होता. त्या कायद्याचा तात्यांना अभिमान होता. शहरातल्या किती माणसांची लाज त्यांच्या टेबलावरून मुकाट गेली होती!

घरात मात्र या गोष्टीला श्रोते नव्हते. मुलाने ती लहानपणापासून ऐकलेली. सूनबाई हिशेबतपासनिसाच्या कचेरीत कामाला, बोलायला मोजकी, ऐकायला त्याहून मोजकी. पण मागे एका संध्याकाळी काय झालं कोण जाणे, ती वाटाणे सोलायला त्यांच्यासमोर येऊन बसली आणि आपणहून म्हणाली, “तात्या, ते निळ्या दोऱ्याचे कपडे तुम्ही धुवायचा कसे?” तात्यांना हर्षच झाला. एका तासात त्यांनी सगळं सांगितलं. गार पाणी का, व्हिनेगर किती, सोडा केव्हा. तिने एका पाकिटाच्या पाठीवर लिहूनसुद्धा घेतलं. त्या रात्री तात्या दोन घास जास्त जेवले. इतक्या वर्षांनी सुनेला आपल्या कामाची किंमत कळली म्हणून.

पावणेतीन. गादीचा वरचा भाग आता एकसारखा दिसत होता. तात्यांनी मागे सरकून, डोळे बारीक करून बघितलं, जसं ते टेबलापाशी बघायचे. आणि काहीतरी खटकलं.

ते पुढे वाकले. त्यांनी शेजारच्या गादीवरून हात फिरवला, मग आपल्या गादीच्या बाजूवरून, जिथे आज त्यांनी पाणी लावलंच नव्हतं. कापड वेगळं लागत होतं. शेजारचं मऊ, धुळकट. हे जरासं कडक, साबण नीट निघाला नाही की होतं तसं. रंगही इथे मुळातच फिका; वरचा भाग तेवढा रोज बसून पुन्हा मळत होता. शिवणींपाशी कापड किंचित आखडलेलं होतं. असं कापड हाताखालून गेलं की तात्या डोळे मिटून सांगत, धुतलंय. एकदा नाही, पुष्कळदा.

“ही गादी कुणीतरी आधीच धुतलीय,” तात्या हळूच म्हणाले.

सोफ्याच्या गादीला मागच्या बाजूने झिप असते. ती शिवणाऱ्याच्या सोयीसाठी. धुणाऱ्याने ती उघडायची नसते. खोळ काढून धुतली की आटते आणि मग गादीवर चढत नाही, हेही तात्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे दोन वर्षांत त्यांनी या झिपकडे ढुंकून बघितलं नव्हतं. आता त्यांनी गादी ओढून काढली आणि उलटी केली.

झिपच्या कडीला निळा दोरा बांधलेला होता.

शिवणकामाचा साधा दोरा, दुहेरी, वर घट्ट गाठ. टोकं पिसारली होती. म्हणजे कालपरवाचा नव्हता. तात्या त्याच्याकडे किती वेळ बघत राहिले त्यांनाच कळलं नाही. मग त्यांनी झिप उघडली.

आत मेणकापड होतं. गादीच्या मापाने कापून, कडेने बारीक टाके घालून शिवलेलं. बसताना कुरकुर व्हायची ती या मेणकापडाची, आणि तात्यांना वाटत आलं होतं की आपलेच सांधे वाजतात. त्याखाली फोम पांढराशुभ्र, कोरा. शेजारच्या गादीचा उघडून बघितला, पिवळसर. म्हणजे यातला फोम बदललेला होता. मग त्यांनी खोळ उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली.

डाग वरून काढला तरी आतल्या अंगाला तो आपली खूण ठेवतो. तात्यांना ते वाचता येत होतं, दुसऱ्या कुणाला आलं नसतं. जुन्या डागांची गोल कडी, एकात एक. त्यांतली तीन तपकिरी, ठळक, पक्की बसलेली. गरम पाण्याची आणि सुवासिक साबणाची. जोर लावून घासलेली, तिथे कापडाचा धागा विरला होता. कुणीतरी भांबावून, मिळेल ते घेऊन, गुपचूप केलेलं काम. चौथ्यापासून मात्र हात बदलला होता. गार पाणी. कडेकडून मधे. चौथं कडं फिकट, पाचवं त्याहून फिकट, नववं तर तात्यांनाही तिरकं धरावं लागलं तेव्हा दिसलं. वाटाण्यांची ती संध्याकाळ तिसऱ्या आणि चौथ्या कड्याच्या मधे बसत होती. अकरा कडी होती.

आजच्या आधी हे तीनदाच झालं असं तात्यांनी धरलं होतं; बाकीच्या आठ वेळा त्यांनी कळूनही मोजल्याच नव्हत्या. आणि त्या तीनदाही, पायजम्यातच काय ते झालं, सोफ्याला काही नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. वास तर येत नव्हता. वरून नजर टाकली की काही दिसत नव्हतं. पायजमा बदलला, पेपर उघडला, संपलं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचं खोटं ऐकून घेतलेला माणूस स्वतःशी तेच खोटं बोलत होता. चहा सांडला.

ते लाकडी खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले.  म्हणजे ही मुलगी कचेरीतून येऊन, यांचा डोळा चुकवून, रात्रीच्या जेवणाआधी गादी बदलत होती, खोळ धुवत होती, आणि वर विचारत होती, तात्या, चहा टाकू? आणि हे पेपरातली बातमी वाचून दाखवत होते. तिला येत असेल ना वास! मुलालाही येत असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

साडेतीन. अजून वेळ होता. खोळ चढवायची, झिप लावायची, गादी जागेवर सरकवायची. वरचं कापड चारपर्यंत जवळजवळ वाळलं असतं. तिला काही दिसलं नसतं, किंवा दिसलं तरी ती बोलली नसती. अकरा वेळा नाही बोलली, बाराव्यांदा काय बोलणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. तात्यांनी खोळ हातात घेतली. एक कोपरा फोमावर चढवला. मग तो सोडून दिला.

एकच गोष्ट त्यांना सुटत नव्हती. तिला सगळं ठाऊक होतं, महिनोन्‌महिने ठाऊक होतं. मग मंगळवारी ती ‘हो’ का म्हणाली नाही? ‘शुक्रवारपर्यंत थांब’ का म्हणाली? कशासाठी थांबायचं होतं तिला? ते खिडकीपाशी गेले, दाराशी गेले, परत सोफ्यापाशी आले. त्या तीन जागांच्या पलीकडे जायला घर नव्हतंच.

चारला दहा कमी असताना किल्लीचा आवाज आला.

सूनबाई आत आली, पर्स खुंटीला लावता लावता थांबली. गादी जमिनीवर, खोळ खुर्चीच्या पाठीवर, मेणकापड उन्हात, खाली फडक्यांचा ढीग. तिने सगळं एका नजरेत बघितलं आणि लगेच, अगदी सहज आवाजात म्हणाली, “चहा सांडला वाटतं.”

तात्यांनी खोळीचं झिपचं टोक उचलून तिच्यापुढे धरलं. “हा तू बांधलास?”

ती जागच्या जागी उभी राहिली. चेहरा उतरला. “हो.”

“केव्हा?”

“झाले की चार महिने.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्हीच म्हणता ना,” सूनबाई म्हणाली, “निळ्या दोऱ्याला प्रश्न नाही. मग मी विचारू कशी? म्हटलं, तुमच्याच भाषेत ठेवावं. तुम्हाला दिसेल, मग तुम्हीच काय ते बोलाल. मी रोज आल्यावर आधी झिप बघायची, दोरा सोडलाय का म्हणून.”

“झिप उघडायची नसते,” तात्या म्हणाले. “आटतं कापड.”

“ते मला काय माहीत!” ती एकदम चिडून बोलली आणि तिचे डोळे भरले. “पुढे बांधला असता तर ह्यांनी विचारलं असतं. ह्यांना काय सांगायचं? वास आला की मी म्हणते मोरी तुंबलीय. प्लंबर दोनदा येऊन गेला, तात्या. मोरी काही तुंबलेली नाही म्हणाला.”

तात्यांना हसू आलं. ते खुर्चीत टेकले. सूनबाईही उघड्या सोफ्याच्या लाकडी चौकटीवर बसली. चौकट करकरली.

“मंगळवारी मी ऐकलं,” तात्या म्हणाले. “खोलीचं.”

 ती बोटातली अंगठी फिरवत म्हणाली, “त्या बाईंनी पहिल्यांदा एकच विचारलं. म्हणाल्या, त्यांचं त्यांना कळतं का? कळत असेल तर घरीच ठेवा, औषधपाणी करा. आमच्याकडे ज्यांना कळत नाही अशी माणसं असतात.” तिने वर बघितलं. “मला सांगता येईना. तुम्ही पायजमा बदलून येता आणि काही झालंच नाही असं पेपर वाचत बसता. कळून बसता, की कळतच नाही? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मी म्हटलं, शुक्रवारी सांगते. रोज वाटायचं, आज विचारू. आज कचेरीत एक बेरीज तीनदा चुकली माझी.”

तिच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला.

दोघांनीही पर्सकडे बघितलं. सूनबाई उठली, फोन काढला, हातात धरून तशीच उभी राहिली. उचलला नाही. ती तात्यांकडे बघत होती, आणि या वेळी तिने नजर भलतीकडे वळवली नाही.

“तात्या,” ती म्हणाली. “काय सांगू?”

प्रश्न तोच होता, डाग कशाचा; चाळीस वर्षांत तात्यांनी तो कुणाला विचारला नव्हता. त्यामुळे त्याचं उत्तर द्यायला किती बळ लागतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं.  फोन वाजत राहिला.

“कळतं,” तात्या म्हणाले. “पहिल्या दिवसापासून कळतं. लाज वाटली म्हणून चहा सांगत होतो. आज दुपारी झोपेत लघवी झाली, जाग आली, कळलं, धुतलं. सांग त्यांना. आणि सांग, मला नाही जायचं. मला इथेच राहायचंय.”

सूनबाईने फोन कानाला लावला. “हो, मीच बोलतेय. हो, विचारलं. कळतं त्यांना.” मग पलीकडचं ऐकून म्हणाली, “नक्की. त्यांनीच सांगितलं, आत्ता, माझ्यासमोर. नाही, खोली नको आम्हाला. हो, डॉक्टरकडे नेतो. बरं.” फोन ठेवल्यावर ती काही वेळ भिंतीकडे तोंड करून उभी होती. तात्यांनी तिला उभं राहू दिलं.

मग ती वळली, नाक पुसलं आणि मेणकापड उचलून त्याची सुरकुती बघू लागली. “पहिले तीन माझ्याकडून बिघडले ना?”

“बिघडले,” तात्या म्हणाले. “गरम पाणी. पण नवव्याला हात बसला तुझा. मलाही शोधावा लागला.”

“खरंच?”

“दुकानात असतीस तर टेबल दिलं असतं तुला.” ते जरा थांबले. “फोम तू बदललास?”

“कचेरीतून टॅक्सीने आणला. टॅक्सीवाला म्हणाला, बाई, हे पोतं आहे की पाहुणा?”

गादी अजून ओलसर होती. दोघांनी ती धरून खिडकीशी उभी केली. आता मधली आणि पलीकडची गादी हिच्याशेजारी भलतीच मळकट दिसत होती. तात्या म्हणाले, आता सगळाच सोफा धुवावा लागणार, त्याला इलाज नाही. सूनबाई बाही सरसावून म्हणाली, चला मग. व्हिनेगरची कमतरता नव्हतीच. तिने ओलं केलं, तात्यांनी टिपलं. मधेच ती घासायला लागली की ते तिच्या मनगटावर पट्टी टेकवायचे, आणि ती ‘बरं बरं’ म्हणून दाबायला लागायची. सात वाजत आले तेव्हा शेवटची पाठ राहिली होती. मुलगा सातला येतो.

“ह्यांना काय सांगायचं?” सूनबाईने हळू आवाजात विचारलं. “सगळ्या घरात पाणीच पाणी. चहा सांडला म्हणू?”

तात्यांनी झिपवरची गाठ नखाने उकलली. चार महिन्यांची गाठ, लवकर सुटेना. सुटली तेव्हा त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

जिन्यात ओळखीची पावलं वाजली. दारावर थाप पडली. सूनबाई उठायला लागली, तसा तात्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“तू बस,” ते म्हणाले. “मी उघडतो. आणि मीच सांगतो.”